हाताला येतं, ते कागदावर का येत नाही?

आठ वर्षं वायरिंगचं काम, घरं-दुकानं-छोटे कारखाने सगळं करून झालेलं, आणि तरी लायसन्सच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास. दुसऱ्या खेपेला अभ्यास जास्त केला तर गुण आणखी कमी पडले. आता दहा आठवडे हातात आहेत, तेव्हा नियमांचं पुस्तक सरळ पाठ करून टाकू का, आणि क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

पाठ करू नका. दहा आठवड्यांत ते होणार नाही, आणि झालं तरी तुमचं दुखणं ते नाही. क्लासचं शेवटी सांगतो.

मी स्वतः पहिल्या वेळी नापास झालो होतो. त्या वेळी माझ्या हाताखाली दोन पोरं काम करायची. त्यातला एक, ज्याला मी क्रिम्पिंग कसं करायचं ते शिकवलं होतं, तो त्याच परीक्षेत पास झाला. आठवडाभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. नंतर शांतपणे पेपर आठवून पाहिला तेव्हा कळलं की जे प्रश्न मला अवघड वाटले होते, ते मी मांडून, हिशेब करून सोडवले होते आणि ते बहुतेक बरोबर होते. जे प्रश्न वाचताच ‘हे तर रोजचंच’ म्हणून खूण करून पुढे गेलो, त्यांनी मला बुडवलं. गेली बरीच वर्षं मी मुलांची तयारी करून घेतो, आणि अनुभवी माणसाच्या बाबतीत घोडं याच ठिकाणी पेंड खातं.

एक उदाहरण घेऊ. एका सर्किटला ३२ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे. तांब्याच्या पीव्हीसी वायरी भिंतीवरच्या कंड्युटमधून (वायरी ओवायच्या पाइपमधून) जातात, त्याच कंड्युटमध्ये हे धरून एकूण तीन सर्किटं आहेत आणि भोवतालचं तापमान ४० अंश आहे. वायरचा किमान आकार किती? पर्याय ४, ६, १० आणि १६ चौरस मिलिमीटर.

तुमचा हात आत्ताच ‘चारची’ म्हणाला असेल. बत्तीसला चारची, हे अंगवळणी पडलेलं असतं, आणि बहुतेक देशांचे नियम ज्या आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेवर बेतलेले आहेत तिथल्या टेबलातही ४ चौरस मिमीपुढे या पद्धतीसाठी ३२ अँपिअरच लिहिलेले दिसतात. पण ते ३२ अँपिअर ३० अंश तापमानाला आणि कंड्युटमध्ये एकटंच सर्किट असताना. ४० अंशांना पीव्हीसीसाठी गुणक ०.८७, आणि तीन सर्किटं एकत्र असल्यावर ०.७०. म्हणजे ३२ ÷ (०.८७ × ०.७०) = ५२.५ अँपिअर. टेबलात एवढा करंट वाहू शकेल अशी वायर शोधायची. ६ चौरस मिमीला ४१ अँपिअर, १० ला ५७. उत्तर १०.

आता पर्यायांकडे पुन्हा पाहा. ४ हे उत्तर सवयीनं काम करणाऱ्यासाठी ठेवलंय. ६ हे तापमानाचा गुणक लावून सर्किटांच्या गर्दीचा विसरणाऱ्यासाठी, कारण ३२ ÷ ०.८७ केलं की ३६.८ येतात आणि ६ ची वायर पुरेशी वाटते. १६ हे ‘मोठी टाकली तर बिघडतं काय’ असं म्हणणाऱ्यासाठी, म्हणजे प्रश्नातला ‘किमान’ हा शब्द गिळून टाकणाऱ्यासाठी. पर्याय कुणी उगाच लिहीत नाही. पेपर काढणाऱ्यानं आपल्यासारख्यांच्या नेहमीच्या चुका गोळा करून ते मांडलेले असतात. त्यामुळे आपलं उत्तर पर्यायांत सापडलं की ते बरोबर असेल, हा समज आधी डोक्यातून काढा. गुणकाने भागायच्या ऐवजी गुणलं तरी एखाद्या पेपरात त्याचंही उत्तर पर्यायांत हजर असतं.

तर पहिलं काम असं. एक वही करा आणि तिच्यात फक्त चुकलेले प्रश्न लिहा. प्रश्न, आपलं उत्तर, बरोबर उत्तर, आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: मी असं का म्हणालो. ‘माहीत नव्हतं’, ‘माहीत होतं पण शब्द चुकीचा वाचला’, ‘साइटवर असंच करतो म्हणून’. तीन आठवड्यांत तुम्हाला स्वतःचा आजार कळेल. माझ्या वहीत तिसरं कारण निम्म्याहून जास्त वेळा आलं होतं. आणि हे लक्षात घ्या की साइटवरची पद्धत चुकीची असेलच असं नाही. बऱ्याचदा ती नियमापेक्षा चांगली असते. पण परीक्षेत ‘तुम्ही काय करता’ असं कुणी विचारत नाही, तिथे ‘नियम कमीत कमी काय मागतो’ असं विचारतात.

आता हिशेब. हिशेबाची भीती असेल तर ती दोन आठवड्यांत जाते, कारण या परीक्षांमध्ये लागणारं गणित थोडंच असतं. ओमचा नियम, पॉवर, तीन फेजची पॉवर, व्होल्टेज ड्रॉप, मोटरचा करंट, सिंक्रोनस स्पीड, युनिटांचा हिशेब. एवढं आलं की काम भागतं. पण सूत्र पाठ करून बसू नका, सूत्रात कुठला आकडा घालायचा याचा सराव करा. चुका तिथे होतात.

व्होल्टेज ड्रॉप घ्या. २३० व्होल्ट सिंगल फेज, २० अँपिअरचा लोड, ४० मीटर लांब, ४ चौरस मिमी तांब्याची वायर. टेबल म्हणतं, ११ मिलिव्होल्ट प्रति अँपिअर प्रति मीटर. ११ × २० × ४० म्हणजे ८८०० मिलिव्होल्ट, ८.८ व्होल्ट. २३० च्या ३.८ टक्के. लाइटिंगला ३ टक्क्यांची मर्यादा असेल तर ६.९ व्होल्टच चालतील, वायर नापास. इतर लोडला ५ टक्क्यांची असेल तर ११.५ व्होल्टपर्यंत मुभा, वायर पास. लाइटिंगसाठीच ती लाइन न्यायची असेल तर ६ ची वायर घ्या, तिचे ७.३ मिलिव्होल्ट धरून ५.८ व्होल्ट येतात.

इथे दरवेळी कुणीतरी दोनाने गुणतंच. फेजनं जाणं आणि न्यूट्रलनं येणं अशा दोन वायरी आहेत, हे बरोबर. पण मिलिव्होल्टच्या या टेबलात दोन्ही वायरी आधीच धरलेल्या असतात. उलट प्रश्नात वायरचा रेझिस्टन्स ओम प्रति किलोमीटरमध्ये दिला असेल तर तो एकाच वायरचा असतो, तिथे दोनाने गुणायलाच हवं. ४ चौरस मिमीला २० अंशांवर ४.६१ ओम प्रति किमी. ८० मीटर वायर, २० अँपिअर, उत्तर ७.४ व्होल्ट. मग मघाचे ८.८ कुठून आले? वायर तापल्यामुळे. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० वरून ७० अंशांवर गेल्यावर जवळजवळ २० टक्के. ७.४ मध्ये २० टक्के मिळवून बघा. दोन वेगळ्या वाटांनी येऊन आकडा एकाच ठिकाणी पोचला की त्या टेबलाची भीती कायमची जाते. असा उलटसुलट पडताळा प्रत्येक प्रकाराचा एकदा तरी करा.

छोटे प्रश्न मात्र फसवे असतात. ६० वॉट आणि १०० वॉटचे दोन जुने फिलामेंटवाले बल्ब, दोन्ही २३० व्होल्टचे, सिरीजमध्ये जोडले तर कोणता जास्त उजळेल? साठचा. कमी वॉटच्या बल्बचा रेझिस्टन्स जास्त असतो, सिरीजमध्ये करंट सगळीकडे सारखा, म्हणून ज्याचा रेझिस्टन्स जास्त त्याच्यात पॉवर जास्त. १००० वॉटचा हीटर अर्ध्या व्होल्टेजवर चालवला तर ५०० नाही, २५० वॉट. हे ऐकून ज्याला आश्चर्य वाटतं त्यानं पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते हे कागदावर एकदा मांडून पाहावं.

मोटरवर एक प्रश्न हमखास असतो आणि तो अनुभवी माणूसही चुकवतो. ७.५ किलोवॉटची मोटर, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८५, एफिशियन्सी ०.८८. करंट किती? ७५०० भागिले (१.७३२ × ४१५ × ०.८५ × ०.८८), म्हणजे साधारण १४ अँपिअर. एफिशियन्सी विसरलात तर १२.३ येतात आणि तो आकडा पर्यायांत तुमची वाट पाहत असतो. नेमप्लेटवरची पॉवर शाफ्टवर मिळणारी असते, लाइनमधून ओढली जाणारी नाही. पुढचा प्रश्न: हीच मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या) आहे आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या फेजमध्ये, म्हणजे वाइंडिंगच्या रस्त्यात, बसवला आहे, सेटिंग किती? चौदा नाही. डेल्टामध्ये फेजचा करंट लाइनच्या ५८ टक्के असतो, म्हणून साधारण ८.१. रिले लाइनमध्ये असता तर चौदा बरोबर. आठ वर्षांत तुम्ही पुष्कळ स्टार्टर जोडले असतील; रिले नेमका कुठे बसलाय हे किती वेळा पाहिलंत, ते स्वतःलाच विचारा.

नियमांच्या पुस्तकाकडे येतो. आधी एक कंटाळवाणी गोष्ट: परीक्षा पुस्तकाच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते अर्जाच्या माहितीपत्रकातून खात्री करून घ्या. ही पुस्तकं बदलतात. अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड तर दर तीन वर्षांनी नवा येतो. जुनी प्रत कुणी फुकट दिली म्हणून तिच्यावर अभ्यास करू नका, आणि एका देशाचा सरावसंच दुसऱ्या देशाच्या परीक्षेला वापरू नका. वायरच्या रंगांपासून सगळं वेगळं निघेल.

पुस्तक समोर ठेवून परीक्षा द्यायची असेल तर लोक निर्धास्त होतात आणि तिथेच मार खातात. पुस्तक जवळ असलं तरी शोधायला वेळ नसतो. यासाठी मी मुलांना एक खेळ देतो. प्रश्न वाचायचा, पुस्तक न उघडता मोठ्यानं सांगायचं की उत्तर कोणत्या प्रकरणात असेल, मग घड्याळ लावून शोधायचं. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं लागतात. दीड मिनिटावर आलात की तयारी झाली म्हणायची. त्यासाठी पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचण्यापेक्षा अनुक्रमणिका रोज वाचा, अगदी जेवायच्या आधी दोन मिनिटं. आणि व्याख्यांचं प्रकरण सोडू नका. कुणी ते वाचत नाही, पण अर्धे वाद तिथेच मिटतात.

शोधताना आणखी एक अडचण येते, ती आपल्या बोलीची. आपण ‘अर्थिंगची वायर’ म्हणतो, पुस्तकात ती ‘प्रोटेक्टिव्ह कंडक्टर’ असते. आपण ‘प्लग’ म्हणतो आणि आपल्या मनात भिंतीवरचा सॉकेट असतो. ‘शॉर्ट झालं’ हे आपण शॉर्ट सर्किटला, अर्थ फॉल्टला आणि ओव्हरलोडनं एमसीबी पडण्यालाही म्हणतो, आणि पुस्तकात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन वेगळ्या प्रकरणांत. वहीच्या मागच्या पानांवर एका बाजूला साइटवरचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकातला शब्द अशी यादी करा. चाळीस-पन्नास शब्द होतील. माझ्या मते या यादीनं जेवढे गुण वाढतात तेवढे दुसऱ्या कशानं वाढत नाहीत.

टेबलाखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायची सवय लावा. मघाचे ३२ अँपिअर ३० अंशांचे आहेत, हे टेबलाच्या मथळ्यात नाहीतर टिपेतच लिहिलेलं असतं.

पुस्तक न घेता परीक्षा असेल तर काही आकडे डोक्यात लागतीलच. माणसाच्या जादा संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळाला की सप्लाय तोडणारा स्विच). एमसीबीत ‘बी’ कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पटींवर, ‘सी’ ५ ते १० पटींवर, ‘डी’ १० ते २० पटींवर लगेच पडतो. नेहमीच्या लो-व्होल्टेज सर्किटची इन्सुलेशन टेस्ट ५०० व्होल्ट डीसीवर, किमान १ मेगाओम. फेज वायर १६ चौरस मिमीपर्यंत असेल तर अर्थ वायर तेवढीच, १६ ते ३५ च्या दरम्यान १६, त्यापुढे निम्मी. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस स्पीड (तिच्या चुंबकी क्षेत्राचा वेग) मिनिटाला १५०० फेरे. प्लेटवर १४४० असेल तर स्लिप, म्हणजे त्यातली घट, ४ टक्के. हे आयईसीच्या वळणाचे आकडे आहेत, तुमच्या परीक्षेच्या पुस्तकाशी ताडून घ्या आणि भिंतीवर चिकटवा. यापेक्षा फार जास्त पाठ करायला लागत नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन ते म्हणजे अर्थिंग आणि संरक्षण. कारण इथे नुसता आकडा माहीत असून चालत नाही, आणि तोंडी परीक्षेतही परीक्षक फिरून फिरून इथेच येतो. एक प्रश्न त्याचा आवडता असतो: ‘अर्थ रॉड चांगला ठोकलाय, ३२ अँपिअरचा एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?’

बहुतेक जण म्हणतात, ‘सेफ्टीसाठी.’ हे उत्तर नव्हे. हिशेब करा. समजा पुरवठ्याची अर्थ तुमच्याकडे वायरनं आलेली नाही, फक्त तुमचा रॉड आहे आणि त्याचा रेझिस्टन्स २० ओम आहे. फेज मशीनच्या बॉडीला लागला. करंट जास्तीत जास्त २३० ÷ २० म्हणजे ११.५ अँपिअर. बत्तीसच्या एमसीबीला साडेअकरा अँपिअर म्हणजे साधा लोड. तो पडणार नाही, आज नाही आणि महिन्यानंही नाही. आणि तोवर बॉडीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट बसून राहतात, कारण सगळा ड्रॉप त्या रॉडपाशीच होतोय. अर्थिंग ‘चांगली’ असून माणूस मरू शकतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तिथे निमिषात पडेल. ५० व्होल्टपेक्षा जास्त बॉडीवर येऊ नयेत असं धरलं तर ५० ÷ ०.०३, म्हणजे १६६७ ओमपर्यंतचा रॉडही हिशेबात त्याला पुरतो. प्रत्यक्षात एवढा रेझिस्टन्स कुणी ठेवू नये, माती सुकली की तो आणखी वाढतो.

मग पुरवठादाराकडून अर्थची वायरच आलेली असेल तर? तिथे फॉल्टचा रस्ता पूर्ण धातूचा, ओम-अर्ध्या ओमचा. ३२ अँपिअरचा ‘बी’ एमसीबी लगेच पडायला १६० अँपिअर लागतात, म्हणून लूप इम्पिडन्स (फॉल्टच्या त्या पूर्ण रस्त्याचा अडथळा) २३० ÷ १६० म्हणजे १.४४ ओमच्या आत हवा. ‘सी’ असेल तर ३२० अँपिअर आणि ०.७२ ओम. म्हणून ‘बी पडतोय सारखा, सी टाकून दे’ हा साइटवरचा उपाय कधीकधी संरक्षणच काढून घेतो. हे दोन परिच्छेद तुम्ही कागद न बघता दुसऱ्याला समजावून सांगू शकलात, तर या विषयावर तुम्हाला कुणी अडवू शकत नाही.

आणि उलटही माहीत हवं. आरसीसीबी कुठे वाचवत नाही? एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल आणि माणूस जमिनीपासून वेगळा. तेव्हा आरसीसीबीला तो माणूस एखाद्या हीटरसारखाच दिसतो. साध्या आरसीसीबीत ओव्हरलोडचं संरक्षणही नसतं.

न्यूट्रल तुटण्याचा प्रश्नही असाच तोंडी परीक्षेतला लाडका. तीन फेज, चार वायर, ४०० व्होल्ट. एका फेजवर २००० वॉटचा लोड, दुसऱ्यावर २०० वॉटचं उपकरण, तिसरा मोकळा, आणि मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला. ‘सगळं बंद पडेल’ हे उत्तर चूक. ती दोन उपकरणं आता ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये आली. मोठ्याचा रेझिस्टन्स २६.४५ ओम, लहानाचा २६४.५. लहानावर ३६४ व्होल्ट येतात आणि ते जळतं. बल्बांच्या सिरीजचा तो पोरखेळ वाटणारा प्रश्न इथे असा उपयोगी पडतो.

टेस्टिंगचा क्रम विचारतात तेव्हा क्रम पाठ म्हणून दाखवू नका, कारण सांगा. आधी अर्थची कंटिन्युइटी, मग इन्सुलेशन, मग पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का), आणि हे सगळं पुरवठा बंद असताना. त्यानंतरच पुरवठा देऊन लूप आणि आरसीसीबीची टेस्ट. अर्थ सलग आहे हे माहीत नसताना पुरवठा दिला आणि कुठे फॉल्ट असला तर त्या जागेतली प्रत्येक बॉडी जिवंत होईल, म्हणून हा क्रम. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक उपकरणं काढली का, हेही विचारलं जातं. आणि एक गंमत: चार सर्किटं, प्रत्येकाचं इन्सुलेशन २ मेगाओम, सगळी चांगली. बोर्डावर एकत्र मेगर केलं तर ०.५ दाखवेल आणि नापास वाटेल. इन्सुलेशनचे रेझिस्टन्स पॅरलल होतात. तिथे घाबरून वायर उपटायची नसते, सर्किटं सुटी करून मोजायची असतात.

प्रात्यक्षिकाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, आणि तिथे तुम्ही पडणार नाही असं मला वाटतं. तरी एक सांगतो. हात भरभर चालणाऱ्यांचे गुण सुरुवातीच्या पाच मिनिटांत जातात. सप्लाय बंद केला, कुलूप लावलं, पाटी लावली, टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी तपासला, मग कामाच्या ठिकाणी तपासलं, आणि पुन्हा टेस्टर त्या चालू ठिकाणी तपासला. हा शेवटचा टप्पा लोक सोडतात. मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल तर ‘सप्लाय नाही’ हे त्याचं उत्तर खोटं ठरतं, म्हणून तो टप्पा आहे. हे करताना तोंडानं बोला. परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. फेज स्विचमधून, टर्मिनलबाहेर तांबं दिसायला नको, स्टॉपचं बटण सिरीजमध्ये आणि स्टार्टच्या बटणाला होल्डिंग काँटॅक्ट पॅरलल, हे तुम्हाला येतंच. शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी सप्लाय तोडायचा, श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० या वेगानं ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचे, ३० दाबांमागे २ श्वास, हे मात्र एकदा नीट शिकून घ्या. ते परीक्षेपुरतं नाही.

पेपर सोडवताना तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत जे शंभर टक्के येतं तेवढंच. दुसरीत पुस्तकात शोधायचे. तिसरीत लांब हिशेबाचे. एका हिशेबाच्या नादात वीस मिनिटं घालवून शेवटचे दहा सोपे प्रश्न न वाचताच पेपर देणारा माणूस मी दर वेळी पाहतो. ‘किमान’, ‘कमाल’, ‘खेरीज’, ‘नसावे’ या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा, पडद्यावर परीक्षा असेल तर कच्च्या कागदावर तो शब्द लिहा. चुकीला गुण कापत नसतील तर एकही प्रश्न कोरा सोडू नका. कापत असतील तर दोन पर्याय नक्की बाद करता आले तरच खूण करा. आणि ‘रोजचंच आहे’ असं वाटलं की तो प्रश्न मुद्दाम दुसऱ्यांदा वाचा. मी अजूनही वाचतो.

दहा आठवड्यांचं म्हणाल तर पहिले दोन फक्त हिशेबाला, रोज तासभर, कामावरून आल्यावर हातपाय धुऊन ताजेतवाने असताना, झोपेच्या वेळी नाही. पुढचे चार पुस्तकात शोधण्याचा खेळ, अर्थिंग आणि टेस्टिंग यांना. सातव्या आठवड्यापासून घड्याळ लावून पूर्ण पेपर, आठवड्याला दोन, आणि प्रत्येक पेपरानंतर त्याच्यापेक्षा जास्त वेळ चुकांच्या वहीला. शेवटच्या आठवड्यात नवीन काही उघडू नका. कॅल्क्युलेटर कोणता चालतो, ओळखपत्र कोणतं लागतं, हे आधीच बघून ठेवा. आदल्या रात्री साइटवर ओव्हरटाइम करू नका, कितीही गळ घातली तरी.

क्लासचं असं आहे. हिशेब मांडून दाखवायला कुणी हवं असेल आणि ओळखीतलं कुणी नसेल तर दोन आठवड्यांपुरता लावा. ‘हमखास येणारे पाचशे प्रश्न’ देणारा असेल तर लांब राहा. ते प्रश्न पाठ करून आलेली मुलं आकडा बदलला की अडतात. त्यापेक्षा तुमच्याकडे काम शिकणारा एखादा पोरगा असेल तर त्याला रोज संध्याकाळी एक गोष्ट समजावून सांगा: आज रॉडचे २० ओम, उद्या डेल्टामधला रिले. तो ‘का’ असं विचारेल आणि तुम्ही ‘असंच करतात’ म्हणालात, की त्या रात्री कोणतं पान उघडायचं ते तुम्हाला कळेल.